संपादकाला पैसे द्यावेत का? नव्या लेखकासाठी सरळ हिशेब

मोबाइलवर एकदा ‘पुस्तक कसं छापायचं’ असं शोधलं, की पुढचे पंधरा दिवस जाहिराती पाठ सोडत नाहीत. ‘संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन, छपाई, प्रकाशन समारंभ, सगळं एका पॅकेजात!’ कागल, गारगोटी किंवा राजारामपुरीत नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री कादंबरी पुरी केलेला माणूस हे वाचतो आणि गोंधळतो. संपादक नेमकं करतो काय? ते एवढं गरजेचं असेल, तर त्याचे पैसे कुणी भरायचे, लेखकानं की प्रकाशकानं?

उत्तर आधीच सांगून टाकू. पुस्तक प्रकाशकाकडे पाठवणार असाल, तर पूर्ण संपादनावर स्वतःचे पैसे घालू नका. स्वतः छापणार असाल तर घाला, पण कुठल्या कामासाठी किती, हे नीट कळल्यावरच. पॅकेजच्या वाटेला मात्र जाऊच नये.

शब्द एक, कामं चार

गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवा. काहिलीत रस तापला की त्यात भेंडीचा चिकट रस जातो, मळी वर येते, ती काढत राहावी लागते. पुढे पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते तो बघतो आणि बरोबर वेळेला काहील उतरवतो. जरा घाई झाली तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर करपतो. पण ऊसच कच्चा आला असेल, तर कसलेल्या गुळव्याचंही फारसं चालत नाही. संपादकाचं तसंच असतं. मळी काढणं, पाक ओळखणं आणि मुळात ऊस कसा आहे ते सांगणं ही वेगवेगळी कामं आहेत. जाहिरातीत मात्र सगळ्यांना मिळून ‘संपादन’ म्हणतात.

पहिलं काम आशय-संपादन: कथानक, प्रकरणांचा क्रम, पात्रं, काय ठेवायचं आणि काय काढायचं. दुसरं भाषा-संपादन, म्हणजे वाक्यावाक्याचं काम. तिसरं प्रत-संपादन: तपशिलांचा मेळ, लेखनाचा एकसारखेपणा, तारखा, नावं. चौथं मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधीची शेवटची चूक-तपासणी, ज्याला छापखान्यात ‘प्रूफं बघणं’ म्हणतात. या चारांचे दर वेगळे, माणसंही बहुधा वेगळी.

हा फरक उदाहरणाशिवाय पटत नाही. समजा हस्तलिखितात हा परिच्छेद आहे:

*‘सदाशिवच्या डोळ्यामध्ये अश्रु तरळत होते. त्याला फार दुःख होत होते कारण वडिलांनी म्हैस विकली होती. रिकाम्या गोठ्याकडे पाहून त्याच्या मनामध्ये आठवणींचा कल्लोळ माजला होता.’*

मुद्रितशोधक यात तीन खुणा करील. ‘डोळ्यामध्ये’चं ‘डोळ्यांमध्ये’, ‘अश्रु’चं ‘अश्रू’ आणि ‘कारण’च्या आधी स्वल्पविराम. झालं त्याचं काम. त्यानं ‘हा परिच्छेद रडका आहे’ असं सांगावं, ही अपेक्षाच नाही.

प्रत-संपादक मागची पानं उलटून विचारील, ‘पान १४ वर गाय आहे, इथं म्हैस कशी? सदाशिव पान १२ वर “काय करालाईस?” म्हणतो, पान ४० वर “करायलायस” आणि पान ९० वर एकदम “काय करतो आहेस”. यातलं कुठलं ठेवायचं?’ कोल्हापुरी बोली कागदावर उतरवणाऱ्यांचं इथं हमखास चुकतं. बोलीला छापील नियम नसतात, म्हणून तर लेखकाला स्वतःचा नियम ठरवून शेवटच्या पानापर्यंत पाळावा लागतो.

भाषा-संपादकाचं म्हणणं वेगळंच असेल. अश्रू, दुःख आणि कल्लोळ ही एकच गोष्ट तीनदा सांगून झाली आणि तरी काही दिसलं नाही. त्यापेक्षा असं करून बघा: ‘सदाशिव वैरणीची बुट्टी घेऊन गोठ्यात गेला. खुंट्याला दावं तसंच होतं. बुट्टी खाली ठेवली, आणि मग परत उचलली.’ शब्द उलट कमीच, आणि आता म्हैस गेल्याचं वाचणाऱ्याला दिसतं.

आशय-संपादक या परिच्छेदाला हातही लावणार नाही. तो म्हणेल, ‘म्हैस दुसऱ्या प्रकरणात विकली जाते आणि बापावर कर्ज असल्याचं सातव्यात कळतं. तोवर वाचकाला वाटतं की बाप नुसताच दुष्ट आहे. कर्ज आधी आणा.’ ही एक सूचना मानली तर चाळीस पानं नव्यानं लिहावी लागतील, आणि ती लेखकानंच लिहायची असतात.

घोटाळा होतो तो इथं. लेखकाला गरज असते आशय-संपादकाची, तो पैसे देतो मुद्रितशोधकाला, आणि ‘अश्रू’ दुरुस्त झालेली फसलेली कादंबरी घेऊन घरी येतो.

प्रकाशक असेल तर खर्च कुणाचा?

प्रकाशकाचा. प्रकाशक म्हणजे पुस्तकावर स्वतःचे पैसे लावणारा माणूस, आणि संपादन हा त्या गुंतवणुकीचाच भाग. मराठीत या कामाची मोठी परंपरा आहे. मौज प्रकाशनगृहाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर बारकाईनं टिपणं काढत, लेखकाकडून पुन्हा लिहून घेत. ते प्रकाशनगृहाचं काम मानलं जाई, लेखकावर केलेले उपकार नव्हेत.

आज प्रत्येक प्रकाशकाकडे असा संपादक नसतो, हे कबूल. म्हणून होकार आल्यावर विचारून घ्यावं: संपादन कोण करणार, प्रूफं किती वेळा बघणार, शेवटचं प्रूफ मला दाखवणार का? ‘आमच्याकडे लेखकच तपासून देतात’ असं उत्तर आलं, तर निदान मुद्रितशोधनाची सोय आपल्याला करावी लागेल हे आधीच कळतं. आणि ‘तुमच्या पुस्तकाच्या दोनशे-तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या’ अशी अट आली, तर समोरचा माणूस प्रकाशक राहिला नाही, छापून देणारा कंत्राटदार झाला. कंत्राटदार असण्यात गैर काही नाही. फक्त मग दरपत्रकही कंत्राटदाराचं मागावं.

हिशेब कागदावर मांडून

पुढचे दर उदाहरणापुरते धरलेत. तुमच्या हातात खरे आकडे आले की ते घालून बघा, रीत तीच.

कादंबरी ६०,००० शब्दांची. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २५० शब्द बसतात, म्हणजे २४० पानं. नीट वाचून काम करणारा माणूस तासाला हजार-बाराशे शब्दांच्या पुढे फारसा जात नाही, म्हणजे एका वेळच्या भाषा-संपादनाला पन्नासेक तास. शब्दाला ५० पैसे दर धरला तर ३०,००० रुपये होतात, तासाला सहाशे. कसबी माणसासाठी हे काही लुटीचं नाही. कुणी याच कादंबरीचं ‘संपूर्ण संपादन’ ४,००० रुपयांत आणि चार दिवसांत देतो म्हणाला, तर तो ती वाचणार नाही एवढंच समजावं.

आता दुसरी बाजू. प्रकाशकानं ५०० प्रती काढल्या, किंमत ३५० रुपये, मानधन १० टक्के. एकूण एक प्रत खपली तरी लेखकाच्या हातात १७,५०० रुपये येतात. ३०,००० घालून १७,५०० मिळवायचे, तेही आवृत्ती संपली तर! प्रकाशकाकडे पाठवायच्या हस्तलिखितावर हा खर्च का करू नये, ते इथंच दिसतं.

स्वतः छापलं तर? विक्रेत्याचं कमिशन ४० टक्के धरा, हातात प्रतीमागे २१० रुपये राहतात. छपाई प्रतीला १२० रुपये, म्हणजे ५०० प्रतींचे ६०,००० आधीच गेले. तेवढे सुटायला २८६ प्रती खपाव्या लागतात. संपादनाचे ३०,००० मिळवले तर ४२९. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, कुरिअर अजून धरलेलंच नाही. संपादन टाळा असा याचा अर्थ नाही. आपण हा पैसा परत मिळवण्यासाठी घालतोय की पुस्तक चांगलं व्हावं म्हणून, हे आधी ठरवावं. दुसरं कारणही चांगलं आहे. फक्त त्यासाठी कर्ज काढू नये.

पॅकेजला एवढा विरोध का?

त्यात फुकट मिळणाऱ्या वस्तूही विकल्या जातात, म्हणून. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा १३ आकडी ओळख क्रमांक. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, विनाशुल्क देते, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही देते. कॉपीराइटचंही तसंच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे मजकूर लिहिला त्या क्षणी हक्क तुमचा होतो आणि तो तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे. करायचीच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पॅकेजमधल्या संपादकाला पगार पॅकेज खपवणारा देतो. ‘ही कादंबरी अजून छापू नका’ असं तो कसा सांगेल? आणि नव्या लेखकाला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी या वाक्याची.

‘पण संपादन न केलेलं हस्तलिखित प्रकाशक बघतच नाहीत’

ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दिसल्या म्हणून चांगलं हस्तलिखित कुणी परत पाठवत नाही. परत जातात ती पहिल्या वीस पानांत काहीच न घडणारी हस्तलिखितं. शिवाय विकतच्या संपादनानं चकाकी आणली, तर प्रकाशकाला तुमची खरी भाषा कळत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तो उघडा पडतो, आणि तुम्हीही.

मजकूर स्वच्छ हवा हे मात्र खरं. शुद्धलेखनाचे नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली १४ केले, १९७२ साली ४ वाढवले, एकूण १८. बऱ्याच चुका तर दोनच नियमांत सापडतात. एक, शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, पण तोच तत्सम शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व: कवी पण कविमन, गुरू पण गुरुदक्षिणा. दोन, ‘मूल’, ‘गरीब’ यांतला दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: मुलाला, गरिबाला. एवढ्यासाठी हजारो रुपये कशाला? एक रविवार पुरतो.

‘आता एआय फुकटात करतंय की’

काही कामं करतं. विसरलेले स्वल्पविराम, एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, लागोपाठची पुनरुक्ती हे त्याच्याकडून तपासून घ्यायला हरकत नाही. पण शब्द-तपासनीसाला ‘दिन’ही बरोबर आणि ‘दीन’ही बरोबर, ‘सुत’ही आणि ‘सूत’ही. तुम्हाला मुलगा म्हणायचंय की धागा, ते त्याला नेहमी उमगेलच असं नाही.

बोलीचं नुकसान याहून मोठं आहे. ‘सुधारून दे’ म्हटलं की बुट्टीची टोपली होते, ‘येतोय की’चं ‘मी येत आहे’ होतं, आणि हातकणंगल्याची म्हातारी वृत्तनिवेदिकेसारखी बोलू लागते. म्हणून ‘सुधार’ असं सांगू नये. ‘चुका फक्त दाखव, बदलू नकोस’ असं सांगावं आणि बदल स्वतःच्या हातानं करावेत.

‘संपादकानं माझी गोष्टच चोरली तर?’

ही भीती जेवढी मोठी, तेवढे असे प्रसंग नसतात. तरी लेखी असलेलं बरं. साध्या पत्रात तीन वाक्यं पुरतात: संपूर्ण मजकुराचे हक्क लेखकाचेच, संपादकाचा त्यावर सहलेखक म्हणून दावा नाही, आणि मजकूर तिसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. यातलं दुसरं वाक्य विसरू नये. संपादकानं प्रकरणंच्या प्रकरणं लिहून दिली असतील, तर पुढे वाद तिथूनच सुरू होतो.

खरी चोरी बहुतेकदा करारात होते. प्रकाशकाला हक्क देताना मुदत लिहून घ्या. कायदा असा की मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे गाळलेली ओळ लेखकाच्या बाजूनं जाते. गोत्यात आणते ती लिहिलेली ओळ: ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’. ती दिसली की पेन खाली ठेवा.

पाकीट काढण्याआधी

हस्तलिखित सहा आठवडे कपाटात ठेवा. मग छापील प्रत काढून मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथं वाक्य बिघडलंय. त्यानंतर प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहा: ‘या प्रकरणात काय बदलतं?’ ज्या प्रकरणापुढे काहीच लिहिता येत नाही, ते काढून बघा. आशय-संपादक पहिल्या दिवशी हेच करतो.

मग तीन वाचक शोधा. त्यात घरचं कुणी नको. एक भरपूर वाचणारा, एक तुमच्या विषयातला (कुस्तीवर लिहिलंय तर तालमीतला) आणि एक क्वचितच वाचणारा. ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा सांगा, ‘वाचता वाचता जिथं मोबाइल हातात घेतलास, तिथं पेन्सिलीनं रेघ मार.’ तिघांची रेघ एकाच पानावर आली, तर तुम्हाला फुकटात संपादक मिळाला. वाचक शोधायला लांब जायला नको. करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय १८५० पासून आपल्याच कोल्हापुरात आहे, आणि तिथं नेमानं पुस्तक बदलायला येणारी माणसं ही उत्तम परीक्षा.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघावी. हस्तलिखित जाणकारांच्या नजरेखालून जातं आणि मंजूर झालं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. शाळेतल्या मराठीच्या गुरुजींची मदत शुद्धलेखनापुरती जरूर घ्या. कादंबरीची रचना हा वेगळा धंदा आहे, तो त्यांच्या गळ्यात घालू नये.

द्यायचेच, तर असे द्या

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त मिळतं ते वाचन-अहवालातून. संपादक हस्तलिखित पूर्ण वाचतो, मजकुराला हात न लावता चार-पाच पानांत काय जमलं, काय फसलं ते लिहून देतो. एकाच ठिकाणी पैसे घालता येणार असतील तर नव्या लेखकानं ते इथं घालावेत, असं माझं मत. दुरुस्ती आपली आपणच करायची. मेहनत पडते, पण पुढच्या पुस्तकाला ती कामी येते.

पूर्ण भाषा-संपादन द्यायचं असेल तर आधी दहा पानांचा नमुना करून घ्या, पैसे देऊन. पानं मधली द्या, पहिली नकोत, कारण पहिली पानं सगळ्यांनीच घासूनपुसून ठेवलेली असतात. नमुन्यात बघायचं ते असं: बदल फाइलमध्ये दिसतील असे केलेत का, बदलामागचं कारण पानाच्या कडेला लिहिलंय का, आणि तुमची बोली शाबूत आहे का. पानामागे चाळीस बदल आणि एकही प्रश्न नाही, असं असेल तर तो माणूस तुमचं पुस्तक स्वतःच्या भाषेत लिहितोय.

काम ठरलं की पैसे तीन हप्त्यांत: सुरुवातीला ३० टक्के, निम्मं काम बघून ४०, शेवटी ३०. किती फेऱ्या, कुठल्या तारखेला आणि फाइल युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर अक्षरं तशीच दिसतात ती पद्धत) मिळणार, हेही पत्रात यावं.

आणि प्रूफं शेवटी

युनिकोडवरचा आग्रह उगीच नाही. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यांकडे, अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. तुमची फाइल त्यात रूपांतरित केली की काही अक्षरं हमखास मोडतात: ‘ऱ्हास’ आणि ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र, ‘ॲ’, रफार, अवतरणचिन्हं. वर्डमध्ये निर्दोष असलेला मजकूर पानावर बसेपर्यंत पुन्हा चुकांनी भरतो. म्हणून मुद्रितशोधनाचे पैसे वर्डच्या फाइलवर खर्च करू नका. पानं लागल्यावर, फॉन्ट ठरल्यावर, पान क्रमांक पडल्यावरच प्रूफं वाचायला द्या.

दुसऱ्या प्रूफात पहिल्या दुरुस्त्या एकेक करून ताडून बघा. ऑपरेटर एक चूक काढताना शेजारची ओळ बिघडवतो, हे रोजचं आहे. या टप्प्यावर नवीन परिच्छेद घालायचा मोहही आवरा. ऑफसेटवर पुस्तक १६ पानांच्या फॉर्मनं, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटानं, छापतात. २४० पानं म्हणजे बरोबर १५ फॉर्म. तुमच्या वाढीव चार ओळींनी पुस्तक २४१ व्या पानावर गेलं, तर त्या एका पानासाठी कागद, प्लेट आणि बांधणीचा वेगळा खर्च लागतो. तेव्हा चार ओळी घालायच्याच असतील, तर त्याच प्रकरणातल्या चार ओळी काढा आणि मगच प्रूफावर सही करा.